घरगुती कारणावरून

वय ४६. व्यवसाय शेती. मागे पत्नी, दोन मुले, एक मुलगी, वृद्ध आई. घरगुती कारणावरून टोकाचे पाऊल उचलल्याचे समजते. पुढील तपास बीट जमादार करीत आहेत.

वर हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत, औंढा यांपैकी कोणत्याही तालुक्याचे नाव घाला, बातमी तयार. जिल्हा पानाच्या खालच्या कोपऱ्यात तिची जागा राखून ठेवल्यासारखी असते. एखाद्या दिवशी जाहिराती जास्त आल्या तर तीही जाते. वय बदलते, पण फार नाही: ४१, ४८, ५३. कधी शेतकरी, कधी रोजंदारीवरचा मजूर, कधी गृहिणी, कधी पतसंस्थेचा वसुली कारकून. ‘पुढील तपास’ पुढे काय झाला, हे कोणी पाहिलेले नाही. तो होणार नाही हे ठाणे अंमलदाराला ठाऊक असते, बातमीदाराला ठाऊक असते आणि छापणाऱ्या आम्हालाही. ‘घरगुती’ म्हटले की आपल्याकडे दार लागते. उंबऱ्याच्या आतले ते आतले. बाहेरच्याने विचारू नये, आतल्याने सांगू नये.

हे दार आता ठोठावायला हवे, आणि हळू नव्हे. त्याच्याआड जिल्ह्याची कमावती, कर्ती पिढी बसली आहे. चाळिशी ते पंचावन्न. हिच्या जोरावर घर चालते, शेत चालते, लग्ने होतात, दवाखान्याची बिले भरली जातात. आणि हिला ‘तू कसा आहेस’ असे विचारायचे कोणाच्या लक्षात येत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालात देशातल्या १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे. सर्वाधिक, २२,७४६, महाराष्ट्रातल्या. देशभरात दर दहांत सात पुरुष. शेतीवर जगणाऱ्यांच्या आत्महत्या ११,२९०, त्यांतल्या ४,२४८ आपल्या राज्यात. हे आकडे दरवर्षी येतात, विधिमंडळात दोन दिवस गदारोळ होतो आणि अधिवेशन संपते. त्याच अहवालात कारणांचे एक कोष्टक असते, त्याकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. पहिल्या क्रमांकावर तिथे ‘कौटुंबिक समस्या’ आहेत: ३१.७ टक्के. त्यानंतर आजार, १८.४ टक्के. दिवाळखोरी आणि कर्जबाजारीपणा मिळून ४.१ टक्के.

हा शेवटचा आकडा हिंगोलीच्या मोंढ्यात वाचून दाखवला तर आडत्यापासून हमालापर्यंत सगळे हसतील. २०२४च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर झाला होता आणि मोंढ्यातला भाव चार हजारांच्या आसपास रेंगाळत होता. त्याच्या आदल्या वर्षी, नोव्हेंबर २०२३मध्ये, सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावच्या शेतकऱ्यांनी ‘पीककर्ज फेडायला आमचे अवयव विकत घ्या’ असे पत्र थेट मुख्यमंत्र्यांना लिहिले होते. कोणत्या अवयवाला किती दर, तेही त्यात लिहून. अशा जिल्ह्यात कर्ज म्हणे चार टक्के!

पण आकडा खोटा आहे असेही नाही. कर्ज घरात शिरताना कर्ज म्हणून शिरत नाही. ते थोरल्याच्या वसतिगृहाच्या फीमधून येते, म्हातारीच्या मोतिबिंदूच्या ऑपरेशनमधून येते. बायकोच्या बचत गटाचा आणि मायक्रो फायनान्सचा हप्ता सोमवारी भरायचा असतो, गटातल्या बाकीच्या बाया ओट्यावर येऊन बसतात, त्यांच्या रूपाने येते. मेहुण्याच्या पोरीच्या लग्नात आहेर किती करायचा यावरून जी कुजबुज होते, तिच्यातून येते. आणि रात्री जेवताना भांडण होते ते कालवणात मीठ जास्त पडल्यावरून. पंचनाम्यात मग मीठच येणार. सोयाबीनचा भाव त्यात कोण लिहील?

इथे सरकारी फायलीने आणखी एक गाठ मारून ठेवली आहे. आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या कुटुंबाला २००६च्या शासन निर्णयानुसार एक लाखाची मदत मिळते: तीस हजार हातात, सत्तर हजार ठेव म्हणून. ती मिळवायची तर नापिकी, कर्ज आणि परतफेडीचा तगादा हे सिद्ध व्हावे लागते. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती प्रकरण पाहते आणि ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा शेरा मारते. घरात भांडण होते, नवरा पीत होता, भावाशी बोलणे बंद होते, यातला एक शब्द जबाबात आला तरी प्रकरण अपात्रतेकडे कलते. म्हणून घरचे लोक घरातले लपवतात. त्यांचे काय चुकले? एका बाजूला पोलीस ‘घरगुती’ लिहून मोकळे होतात, दुसऱ्या बाजूला कुटुंब ‘घरगुती काही नव्हतं साहेब’ म्हणून तलाठ्यासमोर शपथ घेते. तो माणूस नेमका कशाने गेला हे कुठल्याच कागदावर येत नाही. गावात विचाराल तर पारावरचा शाळकरी पोरगाही सांगेल की दोन्ही खरे होते आणि दोन्ही एकच होते.

मध्यमवय म्हणजे काय, याची पुण्या-मुंबईची व्याख्या इथे चालत नाही. तिथे चाळिशी म्हणजे दुसरी गाडी आणि पहिले कॉलेस्टेरॉल. आमच्याकडे सतराव्या वर्षी बोहल्यावर चढलेली मुलगी चाळिशी गाठण्याआधी सासू झालेली असते. तिची स्वतःची सासू अजून खाटेवर असते, आणि घरात आलेली सूनही सतराचीच. तिन्ही पिढ्यांचे ती मधोमध ऐकते. पुरुषाची तऱ्हा वेगळी. पंचेचाळिशीतला माणूस, स्वतः दोन मुलांचा बाप, पण सातबाऱ्यावर नाव वडिलांचे, सोसायटीचे कर्ज वडिलांच्या नावावर, बैल विकायचा की नाही हे ठरवणार वडील, आणि हप्ते फेडणार हा. बापासमोर तो पोरगाच. आणि त्याचा पोरगा? तो बारावीनंतर चाकणला किंवा हैदराबादला निघून गेलेला असतो, महिन्याकाठी दोन हजार पाठवतो किंवा मागतो. गावी राहिलेल्या धाकट्याला कोणी मुलगी देत नाही. तीस उलटली, पाहुणे येतात, पोहे खातात, जमीन किती आणि नोकरी आहे का विचारतात आणि ‘कळवतो’ म्हणून जातात. त्या ‘कळवतो’चा हिशेब मुलगा ठेवत नसेल, आई ठेवते. एका बाईने आम्हाला आकडा सांगितला: तेवीस. तेवीस वेळा तिने पोह्यांवर खोबरे किसले.

जोडीतला एक बैल दगावला की दुसऱ्याच्या मानेवरचे जू तिरपे होते. ओझे तेवढेच राहते, पण मान एकाच बाजूने सोलते. भाऊ शहरात गेलेल्या, बहीण नांदायला गेलेल्या आणि पोरे पांगलेल्या घरात मागे राहिलेल्या एकाची गत हीच आहे. २००७च्या कायद्याने आईवडिलांचा सांभाळ हे मुलांचे कर्तव्य ठरवले, त्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांकडे न्यायाधिकरण दिले, योग्यच केले. पण सांभाळणारा कोलमडला तर त्याने कोणाच्या दारात उभे राहायचे, याचे कलम त्या कायद्यात नाही.

गेल्या शिमग्याच्या सुमारास वसमत तालुक्यातल्या एका शेतात आम्ही हळद शिजताना पाहत उभे होतो. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा फलक रस्त्यावर होता. शेत दोन भावांचे. थोरला बावन्नचा, धाकटा पंचेचाळीसचा. वाटणी झालेली, बोलणे बंद. पण कुकरवाला थोड्या मालासाठी येत नाही, भाडे परवडत नाही, म्हणून हळद एकाच दिवशी, एकाच कुकरवर शिजवायची. थोरल्याचा ढीग पूर्वेला, धाकट्याचा पश्चिमेला. बाया गड्डे आणि हळकुंडे वेगळी करीत होत्या, वाफ निघत होती, कच्च्या हळदीचा तो मातकट तिखट वास साऱ्या शिवारात पसरला होता. थोरला मजुराला म्हणाला, “त्याला सांग, पाणी कमी पडतंय.” ‘तो’ सहा फुटांवर उभा होता. मजुराने सांगितले. धाकट्याने मजुराला सांगितले, “म्हणावं, बघतो.” मजूर बिचारा दिवसभर हे दळणवळण करीत होता, त्याला सवय झाली होती. आंब्याखाली म्हातारी बसली होती. चहा दोन तांब्यांत आला, कारण एका तांब्यातला दुसऱ्याला चालत नाही.

भांडण कशावरून? बांध. दीड हात. सहा वर्षांपूर्वी नांगरताना कोणी तरी कोरला, कोणी ते आता दोघांनाही नीट सांगता येत नाही. वसमतच्या कोर्टात तारखा चालू आहेत. तारखेला दोघे वेगवेगळ्या जीपने जातात आणि एकाच हॉटेलात वेगवेगळ्या टेबलांवर मिसळ खातात. आम्ही निघताना म्हातारी हळूच म्हणाली, “दोघांच्याबी खिशात बीपीच्या गोळ्या हायेत. एकाच मेडिकलातून आणतेत. याला त्याचं ठावं नाही, त्याला याचं. मला दोघांचं ठावं हाय.” मग पदर तोंडाला लावून बसून राहिली.

ती गोळी त्या बांधाचीच आहे असे कोणी डॉक्टर लिहून देणार नाही, आणि आम्हीही तसा दावा करणार नाही. पण घरातले संबंध शरीरात उतरतात, हे आता पारावरच्या गप्पांपुरते उरलेले नाही. हार्वर्ड विद्यापीठाने १९३८मध्ये काही तरुणांच्या आयुष्याचा पाठपुरावा सुरू केला. त्याला पुढे बोस्टनच्या गरीब वस्त्यांतली पोरे जोडली गेली, आणि तो अभ्यास आजही चालू आहे. त्यातल्या माणसांच्या पन्नाशीतल्या नोंदी पुढे तपासल्या तेव्हा ऐंशीव्या वर्षी कोण धडधाकट राहील याचा अंदाज कॉलेस्टेरॉलपेक्षा नात्यांतल्या समाधानावरून अधिक चांगला बांधता आला. ओहायोत संशोधकांनी ४२ जोडप्यांच्या हातावर छोट्या जखमा करून त्या भरायला किती दिवस लागतात ते मोजले. एकमेकांशी वैरभावाने बोलणाऱ्या जोडप्यांच्या जखमा भरण्याचा वेग बाकीच्यांच्या साठ टक्केच निघाला. २००५ची गोष्ट. आपल्या आज्यांनी यावर ‘त्यात काय नवीन’ म्हटले असते. नवीन एवढेच की आता ते मोजता येते. आणि मोजता येणारी गोष्ट खासगी म्हणून बाजूला सारणे आरोग्य खात्याला शोभत नाही.

मोजण्याचा एक प्रयत्न आपल्याकडेही चालतो. तो कसा, ते जवळून पाहण्यासारखे आहे. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरतात. तंबाखू, दारू, कंबरेचे माप, घरात कोणाला बीपी-शुगर. खोकला किती दिवस. स्तनात गाठ. आणि फॉर्मच्या शेवटाकडे दोन प्रश्न असतात: गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद वाटेनासा झाला आहे का? उदास, निराश वाटते का? प्रश्न चांगले आहेत, जगभर वापरले जातात, आणि उत्तरांचे गुण ठरावीक आकड्यावर गेले की पुढे पाठवायचे असते.

आता ओटा डोळ्यांपुढे आणा. चव्वेचाळीसची बाई. शेजारी सासू तुरी पाखडते आहे. समोरच्या ओट्यावर चुलत जाऊ. आशाताई याच गावची, बहुतेक वेळा याच भावकीतली. तिची सासू आणि हिची सासू एका दिंडीत जातात. प्रश्न मोठ्याने विचारला जातो, कारण म्हातारीलाही ऐकायचे असते. बाई एकदा सासूकडे बघते, पदर सारखा करते. “नाही बाई, मला कशाचं काय.” फॉर्मवर शून्य आणि शून्य. अशी शून्ये भरलेले गठ्ठे प्राथमिक आरोग्य केंद्रात जातात, तिथून तालुक्याला, तिथून ऑनलाइन. वर बसलेला अधिकारी पाहतो: जिल्हा आनंदात आहे.

आणि आशाताईचे काय? तीही त्रेचाळीसची. तिचा नवरा संध्याकाळी कुठे असतो ते गावाला माहीत आहे. तिला ते दोन प्रश्न कोणी विचारत नाही.

बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याचे प्रमाण स्त्रियांत आणि ४० ते ४९ या वयात अधिक आढळले. नैराश्य असलेल्या शंभरांतले सुमारे ८५ जण उपचारांपर्यंत पोचलेलेच नव्हते. हे सर्वेक्षण १२ राज्यांत झाले, त्यांत महाराष्ट्र नव्हता. ‘मग आपल्याकडे तसे नसेल’ असे समजून स्वस्थ बसायचे असेल तर बसावे. पाळी जाण्याचे वय, पोरीचे पहिले बाळंतपण, सासूचे अंथरूण, नवऱ्याची चिडचिड आणि रोजगारावरची खुरपणी एकाच वर्षात एकाच बाईच्या वाट्याला येतात, तेव्हा तिच्या अंगदुखीवर केंद्रात लाल गोळी मिळते. तिचे ‘अंग दुखतं’ हे वाक्य पूर्ण ऐकायला डॉक्टरला वेळ नसतो. ओपीडीत रांग असते, हेही खरेच.

एवढे लिहिले की हमखास एक प्रतिक्रिया येते: एकत्र कुटुंबे मोडली म्हणून हे झाले, पूर्वी असे नव्हते. आम्हाला हा युक्तिवाद आळशी वाटतो. तो करणाऱ्यांनी जरा नरसीला जाऊन यावे; हिंगोलीपासून फार लांब नाही. परंपरेने संत नामदेवांचे जन्मगाव मानलेले हे गाव. सातशे वर्षांपूर्वीच्या त्या घरात काय चालले होते? मुलगा शिंप्याचा धंदा सोडून देवापाशी बसतो म्हणून आई गोणाई चिडलेली. घरात दाणा नाही, पोरे उपाशी, नवऱ्याचे लक्ष नाही म्हणून बायको राजाई त्रासलेली. सासू-सुनेची तक्रार, आई-मुलाची तक्रार, दोघींची मिळून थेट विठ्ठलाशी भांडणे. हे सगळे आज गाथेत आहे, गोणाई-राजाईच्या तोंडचे अभंग म्हणून. घरात आश्रयाला असलेली जनाबाईही गप्प बसली नाही. म्हणजे एकत्र कुटुंब, संतांचे कुटुंब, आणि कटकट आपल्यापेक्षा कमी नाही. फरक असा की त्या घरात ती कटकट उघड बोलली गेली, शब्दांत आली, देवालाही सुनावली गेली, आणि वारकऱ्यांनी ती ‘घरगुती’ म्हणून गाथेतून काढून टाकली नाही. त्या गाथेचा वारसा सांगणाऱ्या आणि हळदीच्या मार्केट यार्डाला नामदेवांचे नाव देणाऱ्या जिल्ह्यात आज चाळिशीची बाई आशाताईसमोर तोंड उघडत नाही.

या जिल्ह्याला तसे सूक्ष्म कंपनांचे महत्त्व कोणी सांगायला नको. वसमत तालुक्यात पांगरा शिंदे गावाला जमिनीतून गूढ आवाज येतात. १० जुलै २०२४च्या सकाळी ४.५ तीव्रतेचा धक्का बसला तेव्हा नांदेड-परभणीपर्यंत माणसे घराबाहेर धावली. तहसीलदार आले, काय करावे आणि काय करू नये हे सांगितले गेले. औंढा तालुक्यात दुधाळ्याला लायगो प्रयोगशाळा उभी राहणार आहे. अब्जावधी प्रकाशवर्षांवर कृष्णविवरे आदळली की त्याची इवलीशी थरथर इथे टिपली जाईल, त्यासाठी २,६०० कोटी. व्हावे, अभिमानच आहे. दुधाळ्याच्या आसपासच्या वाड्यांतली थरथर टिपायला मात्र एक रिकामी खोली आणि अर्धा तास लागतो, आणि तेवढी तरतूद आजवर कोणाला जमलेली नाही.

योजना नाहीत असे नाही. शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी राज्याने २०१५मध्ये मराठवाडा आणि विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला, आशांना त्यासाठी तयार केले, समुपदेशनाला १०४ क्रमांक दिला. केंद्राची ‘टेली-मानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२पासून चालू आहे; १४४१६ लावला की चोवीस तास मोफत बोलता येते, मराठीतही. पण हा क्रमांक आमच्या जिल्ह्यात कुठे लिहिलेला दिसतो? खताच्या दुकानात नाही, सोसायटीच्या भिंतीवर नाही, पुण्याला जाणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या पाठीवर तर नाहीच. तिथे गुटख्याची जाहिरात आहे.

काम होऊ शकते, हे शेजारच्या विदर्भात दिसले आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर बोलणे, गरज पडेल तिथे समुपदेशक, त्यापुढे मानसोपचारतज्ज्ञ. त्याचे निष्कर्ष २०१७मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त प्रसिद्ध झाले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी ४.३ टक्के होते, नंतर २७.२ टक्के झाले. आत्महत्येचा विचार मनात येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. त्यासाठी कुठे मोठी इमारत बांधावी लागली नाही.

आमच्याकडे इमारत आहे. २०२४ला हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याच्या मानसोपचार विभागाने जिल्ह्याच्या ठिकाणी रुग्णांची वाट पाहत बसू नये. तालुक्याच्या आठवडी बाजाराच्या दिवशी ओपीडी तिथे न्यावी. बाजाराला बाई एकटी येते, घरातून निघायला तिला कारण द्यावे लागत नाही, पिशवी हातात असते. पाटीवर ‘मनोरुग्ण’ लिहू नये, नाही तर गल्लीत वळायलाही कोणी धजणार नाही. ‘झोप, डोकेदुखी, काळजी’ एवढे पुरे. आशांच्या फॉर्ममधले ते दोन प्रश्न एकांतात विचारले जावेत, आणि शक्य तिथे दुसऱ्या गावच्या आशेने. यासाठी वेगळा निधी लागत नाही, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचे एक पत्र लागते. आणि आशांच्या मासिक बैठकीत तेच दोन प्रश्न आधी आशांना विचारले जावेत.

बांधांचेही पाहायला हवे. ताबा एकाचा आणि नाव दुसऱ्याचे, अशा जमिनींची अदलाबदल हजार रुपये मुद्रांक आणि हजार रुपये नोंदणी फीमध्ये करून देणारी ‘सलोखा’ योजना राज्याने जानेवारी २०२३मध्ये आणली. दीड हाताच्या बांधाला ती लागू पडत नाही, पण तिच्यामागचा विचार पडतो: भावकीचा वाद हा महसूल खात्याच्या अखत्यारीतला विषय आहे, आणि तो मिटवणे हेही कामच. आमच्या वकील मित्रांना हे कितपत रुचेल ते सांगता येत नाही. बहिणींकडून हक्कसोड पत्रावर अंगठा घेताना जो घाईघाईचा गोडवा दाखवला जातो, त्यावरही एकदा लिहायचे आहे. पन्नाशीतल्या बहिणीला माहेरी यायला रक्षाबंधन उरते आणि शेतात पाय ठेवायला काही उरत नाही.

राहिला प्रश्न त्या एक लाखाच्या फाइलीचा. जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीने वर्षातून एकदा तरी पात्र-अपात्र बाजूला ठेवून जिल्ह्यातली सगळी प्रकरणे एकत्र वाचावीत: शेतकऱ्यांची, मजुरांची, बायांची, पतसंस्थेच्या त्या कारकुनाचीही. सोबत मानसोपचारतज्ज्ञ असावा, सहकार खात्याचा माणूस असावा, एखादी आशाताई असावी. नावे नकोत, गावेही नकोत. कोणत्या महिन्यात, कोणत्या वयात, हप्त्याच्या किती दिवस आधी, एवढे कळले तरी आम्हाला आमच्या जिल्ह्याविषयी आज माहीत आहे त्याच्या दसपट कळेल.

आणि आमचे स्वतःचे. आमच्या जिल्हा पानावर ‘घरगुती कारणावरून’ हे शब्द यापुढे येणार नाहीत, असे काल बैठकीत ठरले. तरुण उपसंपादकाने विचारले, मग त्या जागी काय लिहायचे? पोलीस तर तेच सांगतात. कोणी म्हणाले, बातमीच गाळू. ते नको, म्हणालो. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने, जे स्वतः एकावन्नचे आहेत आणि ज्यांचे वडील गेली दोन वर्षे अंथरुणावर आहेत, बराच वेळ काही न बोलता पेन्सिलने समोरच्या कागदावर एक ओळ लिहिली आणि पुढे सरकवली: ‘कारण अद्याप कळलेले नाही.’ खाली १४४१६.